प्रेस्बिटेरियन मंडळीतील नव्या वडिलांसाठी: पद स्वीकारण्यापूर्वी आणि स्वीकारल्यानंतर

प्रेस्बिटेरियन मंडळीत पाळकाच्या बरोबरीने आध्यात्मिक जबाबदारी वाहणारे जे सभासद असतात त्यांना वडील म्हणतात. ही माणसे आपापला नोकरीधंदा आणि संसार सांभाळून सेवा करतात. बहुतेकांनी ईश्वरविज्ञानाचे औपचारिक शिक्षण घेतलेले नसते आणि मंडळीकडून त्यांना वेतनही मिळत नाही. तरीसुद्धा बाप्तिस्म्याला संमती द्यायची की नाही, नव्या सभासदाला कधी स्वीकारायचे, प्रभुभोजन किती वेळा साजरे करायचे, हे निर्णय त्यांच्यावाचून होत नाहीत. ज्यांचे नाव या पदासाठी नुकतेच सुचवले गेले आहे, किंवा जे निवडून आले आहेत पण नेमके काय करायचे याबद्दल गोंधळलेले आहेत, त्यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे. वेगवेगळ्या प्रेस्बिटेरियन पंथांच्या घटना तपशिलात वेगळ्या आहेत. म्हणून येथे सांगितलेली प्रत्येक गोष्ट आपल्या पंथाच्या नियमपुस्तकाशी ताडून पाहावी.

पहिली पायरी: पदाचे नाव नीट समजून घ्या

‘प्रेस्बिटेरियन’ हे नाव ‘प्रेस्बुतेरॉस’ या ग्रीक शब्दावरून आले आहे आणि त्या शब्दाचा अर्थ वडील असा आहे. म्हणजे या मंडळ्यांना नाव मिळाले ते त्यांच्या संस्थापकावरून नव्हे, एखाद्या देशावरूनही नव्हे, तर वडिलांकरवी चालणाऱ्या कारभारावरून. मराठीत मात्र या शब्दाने एक घोळ होतो. वडील म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आधी घरातला बाप येतो आणि मग पिकलेले केस येतात. मंडळीतील वडीलपणाचा वयाशी तसा संबंध नाही. तिशीतील व्यक्तीही वडील होऊ शकते आणि सत्तरीतील प्रत्येक जण त्या पदाला योग्य असतोच असे नाही. घरातल्या वडिलांचा शब्द अखेरचा असतो, हीही कल्पना येथे लागू पडत नाही. ती का, ते सेशनविषयी, म्हणजे वडील आणि पाळक यांच्या सभेविषयी, बोलताना पाहू.

दुसरा घोळ ‘सामान्य विश्वासी वडील’ या प्रचलित शब्दप्रयोगाने होतो. पाळक दीक्षित आणि वडील अदीक्षित, अशी विभागणी त्यातून सुचते, पण प्रेस्बिटेरियन परंपरेत वडिलांचीही दीक्षा होते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील सतराव्या वचनात, चांगला अधिकार चालवणारे वडील आणि त्यांच्यापैकी विशेषेकरून उपदेश व शिक्षण यांत श्रम घेणारे वडील, असा उल्लेख आहे. या वचनाच्या आधारे अनेक प्रेस्बिटेरियन पंथ पाळकाला शिकवणारा वडील आणि आपल्यासारख्याला अधिकार चालवणारा वडील म्हणतात. सगळ्यांनीच हे वचन असे वाचले नाही. १६४५ मध्ये इंग्लंडमधील वेस्टमिन्स्टर धर्मसभेने मंडळीच्या कारभाराची जी रूपरेषा सिद्ध केली, तिच्यात या पदासाठी ‘मंडळीचे इतर कारभारी’ असे सावध शब्द वापरले आणि सुधारित मंडळ्या त्यांना सामान्यतः वडील म्हणतात, अशी पुस्ती जोडली. पदाची गरज सर्वांना मान्य होती. त्याला कोणत्या वचनाचा आधार द्यावा, यावर मतभेद होते. नव्या वडिलांना या वादात पडण्याचे कारण नाही. पाळकाच्या हाताखालचा मदतनीस म्हणून आपली निवड झालेली नाही, एवढे यातून लक्षात आले तरी पुरे.

दुसरी पायरी: हे पद कोठून आले ते वाचा

त्यासाठी एक संध्याकाळ मोकळी ठेवा आणि पवित्र शास्त्रातील काही उतारे सलग वाचा. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, एकट्याने न्याय करत बसू नकोस असे बजावतो. गणनेच्या अकराव्या अध्यायात मोशेचा भार वाहण्यासाठी सत्तर वडील निवडले जातात. प्रेषितांच्या कृत्यांच्या चौदाव्या अध्यायात पौल आणि बर्णबा प्रत्येक मंडळीत वडील नेमतात आणि विसाव्यात पौल इफिसच्या वडिलांना मिलेत येथे बोलावून कळपाची काळजी घ्यायला सांगतो. त्यानंतर पेत्राच्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय वाचा. येथे पेत्र स्वतःला सोबतीचा वडील म्हणवून घेतो आणि कळपावर धनीपणा करू नका असे सांगतो. यांपैकी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी वडील हा शब्द अनेकवचनात येतो, इकडे विशेष लक्ष द्या.

इतिहासाची ओळखही उपयोगी पडते. १५४१ साली धर्मसुधारक कॅल्विन स्ट्रासबुर्गहून जिनिव्हाला परतला आणि तेथे मंडळीचे जे नियम लागू झाले त्यांत पाळक, शिक्षक, वडील आणि मदतकार्य व व्यवस्था पाहणारे डीकन अशी चार पदे ठरवण्यात आली. वडील बारा होते: दोन नगराच्या छोट्या परिषदेतून, चार साठांच्या परिषदेतून आणि सहा दोनशेंच्या परिषदेतून. नगराच्या प्रत्येक भागावर कोणाची तरी नजर राहावी अशा बेताने त्यांची निवड होत असे आणि दर गुरुवारी ते पाळकांबरोबर एकत्र बसत. त्या सभेने लोकांच्या वागण्यावर ठेवलेली पाळत आज आपल्याला जाचक वाटेल आणि माझ्या मते ती जाचक होतीच. पण पाळकांच्या पंक्तीला बसून, उपदेश न करणाऱ्या माणसांनी मंडळीच्या आत्मिक जीवनाचा विचार करावा, ही चौकट तेथे पक्की झाली. स्कॉटलंडमध्ये १५६० च्या पहिल्या शिस्तग्रंथाने वडिलांची निवडणूक दरवर्षी घ्यावी असे ठरवले, कारण फार काळ पदावर राहिलेली माणसे मंडळीच्या स्वातंत्र्यावर अतिक्रमण करतील अशी भीती होती. १५७८ च्या दुसऱ्या शिस्तग्रंथाने मात्र हे पद आजीव मानले. आज बऱ्याच पंथांनी दोन्हींचा मेळ घातला आहे. दीक्षा जन्मभराची आणि सेशनमधील सक्रिय सेवा ठरावीक मुदतीची. अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्च यू. एस. ए. मध्ये ही मुदत साधारण तीन वर्षांची असते आणि सलग सहा वर्षांहून अधिक काळ सेवा करता येत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत सर्व पंथांचा नियम एक नाही. अमेरिकेतील उत्तरेच्या प्रेस्बिटेरियन मंडळीने १९३० मध्ये आणि चर्च ऑफ स्कॉटलंडने १९६६ मध्ये स्त्रियांना वडीलपद खुले केले. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या प्रेस्बिटेरियन चर्च इन अमेरिकेत ते आजही केवळ पुरुषांसाठी आहे.

तिसरी पायरी: होकार देण्यापूर्वी स्वतःला तपासा

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आणि तीताच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात गुणांची जी यादी आहे, ती हातात पेन घेऊन वाचा. संयम, अतिथिप्रेम, द्रव्यलोभ नसणे, भांडखोर नसणे, स्वतःचे घर नीट चालवणे, बाहेरच्या लोकांत चांगले नाव असणे: जवळजवळ सगळे गुण स्वभावाचे आणि चारित्र्याचे आहेत. कौशल्य म्हणावे असे एकच आहे, ते म्हणजे शिकवण्याची पात्रता. हिशेब येणे, बांधकामाची माहिती असणे, सरकारी कचेऱ्यांत ओळखी असणे यांतले काहीच त्या यादीत नाही. तरीही मंडळ्या पुष्कळदा नेमक्या याच गोष्टी पाहून माणसे निवडतात आणि नंतर सेशनमध्ये प्रार्थनेपेक्षा छपराच्या गळतीवर जास्त वेळ का जातो म्हणून हळहळतात. छपराची काळजी घ्यायलाच हवी, पण त्यासाठी डीकन आहेत, काही पंथांत विश्वस्त आहेत आणि हाताशी जाणकार सभासदही असतात.

नाव सुचवणाऱ्यांना निःसंकोच विचारा: महिन्यातून किती सभा होतात, किती घरे माझ्याकडे येतील, प्रशिक्षण कोण देणार, मुदत किती. मग घरच्यांशी बोला. वडिलांच्या संध्याकाळी वेळोवेळी दुसऱ्यांच्या घरी जातात आणि त्याचा भार कुटुंबावरही पडतो. शेवटी पाळकांकडे जाऊन आपल्या मनातील शंका मोकळेपणाने मांडा. शंका असणे ही अडचण नाही. ती लपवून दीक्षेच्या वेळी होकार देणे ही मात्र मोठी अडचण आहे. विचार करून नकार देण्यात कमीपणा नाही.

चौथी पायरी: तयारी आणि दीक्षा

निवडणुकीनंतर बहुतेक मंडळ्यांत प्रशिक्षण होते आणि विश्वास, सिद्धान्त व कारभार यांविषयी सेशन नव्या वडिलांची विचारपूस करते. या काळात आपल्या पंथाचे विश्वासपत्र, म्हणजे विश्वासाचे लेखी निवेदन, एकदा तरी पूर्ण वाचून काढावे. अनेक पंथांत ते १६४६ मध्ये सिद्ध झालेले वेस्टमिन्स्टर विश्वासपत्र असते. दीक्षेच्या दिवशी उभे राहून तुम्हाला त्याच्याविषयीच प्रश्न विचारले जाणार आहेत. पवित्र शास्त्राला देवाचे वचन मानता का, मंडळीचा विश्वास स्वीकारता का, सोबतच्या सेवकांच्या अधीन राहाल का, मंडळीची शांती आणि ऐक्य राखण्यासाठी झटाल का, अशा आशयाची ती वचने असतात. काही ठिकाणी हात ठेवून प्रार्थना करतात, तर काही ठिकाणी केवळ प्रार्थनेने दीक्षा देऊन मग सहभागितेचा उजवा हात देतात, म्हणजे हस्तांदोलन करून स्वागत करतात. या वचनांचा कागद जपून ठेवा आणि दरवर्षी एकदा वाचा.

पाचवी पायरी: घरे

वडीलपद खऱ्या अर्थाने सुरू होते ते येथे. मंडळीची कुटुंबे वडिलांमध्ये वाटून देण्याची पद्धत जुनी आहे. स्कॉटलंडमध्ये प्रभुभोजनापूर्वी सभासदांना धातूचे लहान टोकन दिले जात असे आणि ते दाखवल्यावरच मेजाशी बसता येई. पुढे टोकनाची जागा छापील कार्डाने घेतली आणि ते कार्ड घरोघर पोचवणे हे वडिलांचे काम झाले. प्रत्येक प्रभुभोजनापूर्वी वडील दारात येत, एवढा त्यातला लाभ आपण आजही घेण्यासारखा आहे.

आपल्या वाट्याच्या कुटुंबांची यादी मिळाली की पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला फोन करून फक्त ओळख करून द्या. मग भेटीची वेळ ठरवा. न सांगता जाऊ नका. शक्य असेल तर पहिल्या काही भेटींना एखाद्या अनुभवी वडिलांना बरोबर घ्या. एकट्या राहणाऱ्या व्यक्तीकडे किंवा घरात फक्त मुले असताना एकट्याने जाऊ नका. या नियमाने त्यांचे आणि तुमचे दोघांचेही रक्षण होते. पाऊण तासापेक्षा जास्त बसण्याची सहसा गरज पडत नाही.

भेटीत बोलायचे काय, हा नव्या वडिलांना सर्वांत जास्त सतावणारा प्रश्न असतो. उत्तर सोपे आहे, आचरण कठीण. विचारा आणि मग गप्प बसा. घरात सगळे कसे आहेत, या वर्षात काय बदलले, प्रार्थना करणे जमते का, उपासनेतून काही मिळते का, कशासाठी प्रार्थना करू? शेवटचा प्रश्न कधीही गाळू नका, कारण लोक खरे बोलतात ते त्याच्या उत्तरात. मग एक लहानसा शास्त्रभाग वाचा आणि नुकतेच जे ऐकले त्याची नावे घेऊन थोडक्यात प्रार्थना करा. पाठ केलेल्या लांब प्रार्थनेत समोरच्याला आपण भेटीतले एक घर असल्यासारखे वाटते; त्याच्या मुलाच्या परीक्षेचे किंवा आईच्या गुडघ्याचे नाव प्रार्थनेत आले की आपले म्हणणे कोणी तरी ऐकले, हे त्याला कळते.

पाळकांविषयी तक्रार निघाली तर तेथल्या तेथे बाजू घेऊ नका. ना पाळकांची, ना तक्रार करणाऱ्याची. ‘हे तुम्ही त्यांच्याशी बोलला आहात का?’ असे विचारा आणि हवे असल्यास बरोबर येण्याची तयारी दाखवा. आजारी माणसाच्या बाबतीत याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय स्पष्ट आहे: त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे आणि त्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना करावी. तेथे एकट्या पाळकाचा उल्लेख नाही. इस्पितळात जाताना मात्र पाच ते दहा मिनिटेच थांबा, पलंगावर बसू नका आणि स्वतःच्या आजारपणाच्या कहाण्या सांगू नका.

मृत्यू झालेल्या घरी तुम्ही कोणते शब्द बोललात हे फारसे कोणाच्या लक्षात राहत नाही. तुम्ही आलात हे राहते. पहिल्या दिवशी सगळेच येतात. सहाव्या आठवड्यात कोणी येत नाही, म्हणून ती तारीख आधीच लिहून ठेवा.

एक लहान वही करा. तिच्यात कुटुंबाचे नाव, भेटीची तारीख, प्रार्थनेचे विषय आणि पुढच्या भेटीची नोंद असावी. कबुलीच्या, भांडणाच्या किंवा पैशाच्या गोष्टी तिच्यात लिहू नका. घरात ऐकलेले घरातच ठेवा. स्वतःच्या जोडीदारालाही सांगू नका. याला एकच अपवाद आहे. एखाद्या मुलावर किंवा दुर्बल व्यक्तीवर अत्याचार होत असल्याचे कळले तर गुप्ततेचे वचन देऊ नका. पाळकांना सांगा आणि कायद्याने जेथे कळवायचे तेथे कळवा. मंडळीच्या नावाला बट्टा लागेल म्हणून असे प्रकरण दाबणे हा वडीलपदाचा सर्वांत घातक दुरुपयोग आहे.

सहावी पायरी: सेशनमध्ये बसणे

सेशन म्हणजे मंडळीच्या वडिलांची आणि पाळकांची सभा. साधारणतः पाळक तिचे मॉडरेटर, म्हणजे अध्यक्ष, असतात, एक क्लार्क इतिवृत्त लिहितो आणि सभा प्रार्थनेने सुरू व संपन्न होते. सभासदांची नोंदवही, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, उपासनेच्या वेळा, शिक्षण, शिस्त आणि वरच्या सभांना प्रतिनिधी पाठवणे हे तिचे विषय असतात. नव्याने आलेल्यांनी मागील वर्षभराची इतिवृत्ते वाचूनच पहिल्या सभेला जावे. अर्ध्या प्रश्नांची उत्तरे तेथे मिळतात.

दोन तत्त्वे आरंभीच मनात बिंबवून घ्यावीत, कारण पुढची बहुतेक भांडणे ती विसरल्यामुळेच होतात. पहिले असे की अधिकार सेशनचा असतो, एकट्या वडिलाचा नसतो. एकटा वडील भेट देऊ शकतो, प्रार्थना करू शकतो, धीर देऊ शकतो, चुकणाऱ्याला प्रेमाने सावध करू शकतो. पण एकटा वडील कोणाला प्रभुभोजनापासून दूर ठेवू शकत नाही, कोणाला सभासद करून घेऊ शकत नाही आणि ‘मी वडील आहे’ म्हणून कोणताही हुकूम सोडू शकत नाही. निर्णय होतो तो सगळे एकत्र, रीतसर बोलावलेल्या सभेत बसल्यावर. शास्त्रात वडील हा शब्द अनेकवचनात का येतो, याचे व्यवहारातले उत्तर हेच आहे, आणि घरातल्या वडिलांची उपमा येथे मोडते तीही याचमुळे.

दुसरे तत्त्व पचायला जड जाते. वडिलांना मंडळी निवडते, पण ते मतदारांचे प्रतिनिधी नसतात. समजा, दुसऱ्या भाषेतून आलेल्या काही कुटुंबांसाठी महिन्यातून एक उपासना वेगळ्या पद्धतीने घ्यावी असा प्रस्ताव सेशनपुढे आला आणि तुमच्या वाट्याच्या बारा घरांपैकी दहांना तो आवडलेला नाही. त्या दहा घरांचे म्हणणे सभेत प्रामाणिकपणे मांडणे तुमचे कर्तव्य आहे. तरीही मत देताना तुम्ही विचारायचा प्रश्न ‘माझ्या घरांना काय हवे आहे’ हा नसून ‘या बाबतीत ख्रिस्ताची इच्छा काय आहे’ हा आहे. चर्चा ऐकल्यावर तुमचे मत बदलले तर ती फितुरी नव्हे. वडिलांना एकत्र बसवायचे ते याचसाठी. अगोदरच मते ठरवून, गट बांधून सभेला येणारे सेशन नियमाने कितीही बिनचूक चालले, तरी ते आध्यात्मिक नेतृत्व करत नसते.

निर्णय विरोधात गेला तर काय करावे? आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घेण्याची सोय असते आणि प्रकरण गंभीर असेल तर वरच्या सभेकडे जाण्याचा मार्गही असतो. दरवाजाबाहेर येऊन ‘मी तर नाहीच म्हणत होतो’ असे सांगत फिरणे मात्र दीक्षेच्या वेळी दिलेल्या वचनाचा भंग आहे. हा दोष चांगल्या चांगल्या माणसांत आढळतो.

सातवी पायरी: पाळकांशी नाते

अनेक पंथांत पाळक स्थानिक मंडळीचे नव्हे तर प्रेस्बिटेरीचे, म्हणजे विभागातील मंडळ्यांच्या वरच्या सभेचे, सभासद असतात. म्हणून सेशन त्यांचे मालक नसते, आणि त्यांच्याविषयीची गंभीर तक्रार तिचा निकाल लावणाऱ्या प्रेस्बिटेरीकडे जाते. उलट वडीलही पाळकांचे कर्मचारी नसतात. उपदेश ऐकून घरी जाताना त्यातला एक मुद्दा त्यांना नेमकेपणाने सांगा. ‘छान झाले’ या शब्दांनी कोणाचेच भले होत नाही. त्यांच्यासाठी दररोज नाव घेऊन प्रार्थना करा. ते सुट्टी घेतात की नाही याकडे सेशनने लक्ष ठेवावे, कारण ते स्वतः ठेवत नाहीत.

आठवी पायरी: प्रेस्बिटेरीला जाणे

एखाद्या वर्षी सेशन तुम्हाला प्रेस्बिटेरीसाठी निवडेल. तेथे विभागातील पाळक आणि वडील साधारण समसमान संख्येने बसतात आणि प्रत्येकाच्या मताचे वजन सारखेच असते. ही समता वादाशिवाय टिकलेली नाही. १८४३ मध्ये अमेरिकेतील ओल्ड स्कूल या प्रेस्बिटेरियन गटाच्या जनरल असेंब्लीने, म्हणजे सर्वोच्च सभेने, एकही वडील हजर नसला तरी प्रेस्बिटेरीची गणसंख्या पूर्ण होऊ शकते, असे ठरवले. त्याच गटातील ईश्वरविज्ञानाचे अभ्यासक जेम्स हेन्ली थॉर्नवेल यांनी त्याला कडाडून विरोध केला, तर दुसरे अभ्यासक चार्ल्स हॉज यांनी निर्णयाचे समर्थन केले. वडील हे खरोखर मंडळीचे शास्ते आहेत की केवळ लोकांचे प्रतिनिधी, हा त्या वादाचा गाभा होता. म्हणून प्रेस्बिटेरीत ‘हे पाळकांचे विषय’ म्हणून मागच्या बाकावर बसू नका. कागदपत्रे आधी वाचा, न समजलेले विचारा आणि परत आल्यावर सेशनला अहवाल द्या.

नववी पायरी: मुदत संपताना

मुदत संपण्याच्या दोन महिने आधी आपल्या घरांना तसे सांगा आणि जो नवा वडील ती घरे घेणार आहे त्याला बरोबर घेऊन एकेका दाराशी जा. इस्पितळात कोण आहे, कोणाकडे सहाव्या आठवड्याची भेट राहिली आहे, कोण उपासनेला येईनासे झाले आहे, हे त्याला तोंडी सांगा. वहीतली कुटुंबांची नावे आणि प्रार्थनेचे विषय त्याला उतरवून घेऊ द्या आणि मग ती वही फाडून टाका.